सनराइज ट्रेक म्हणजे खरं तर नाइट ट्रेक: डोंगरधारेवर जायच्या आधी हे गणित मांडा

थंडी पडली की इन्स्टाग्रामवर एक रील हमखास फिरायला लागते. खाली ढगांचा समुद्र, वर डोंगराची निमुळती धार, धारेवर उभी एक छोटीशी आकृती आणि मागून वर येणारा सूर्य. पंधरा सेकंदांचा व्हिडिओ. खाली कमेंटमध्ये तिघाचौघांना टॅग केलेलं असतं, 'या रविवारी?' तिथून व्हॉट्सअॅपचा ग्रुप तयार होतो आणि शनिवारी रात्री गाडी निघते.

रीलमध्ये दिसत नाही ती गोष्ट एवढीच, की त्या पंधरा सेकंदांच्या आधीचे सगळे तास अंधारातले असतात. सूर्योदय पाहायला जाणं म्हणजे रात्री गाडी चालवणं, रात्री डोंगर चढणं आणि न झोपता परत येणं. आपण त्याला नाव देतो सनराइज ट्रेक. प्रत्यक्षात तो नाइट ट्रेक असतो, ज्याचा शेवट फक्त उजेडात होतो.

आणि याच अंधारातल्या तासांवरून सध्या वाद आहे. एकीकडे अपघात, गर्दी आणि त्यावर निघणारे मनाई आदेश. दुसरीकडे 'डोंगरावर जायलाही आता परवानगी घ्यायची का?' असा ट्रेकर्सचा प्रश्न. हा विषय नेमका काय आहे, नियम काय सांगतात आणि जायचंच असेल तर गणित कसं मांडायचं, ते एकेक करून पाहू.

सुरुवात कन्हेरीपासून

उदाहरणासाठी आपण निघणार आहोत बारामती तालुक्यातल्या कन्हेरीतून. कन्हेरी म्हटलं की राजकारणाच्या बातम्या वाचणाऱ्यांना एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे इथल्या मारुतीच्या देवळात नारळ फोडून होणारी पवार कुटुंबाच्या प्रचाराची सुरुवात. पण डोंगरधारेवरचा सूर्योदय बघायचा असेल तर कन्हेरीत भागत नाही. बारामती-इंदापूरचा हा पट्टा माळरानाचा. सह्याद्रीची उंच धार गाठायची तर पश्चिमेला जावं लागतं.

यातलं सगळ्यात ओळखीचं ठिकाण म्हणजे राजगड आणि तोरणा. तसं पाहिलं तर नातं जुनंच आहे. बारामती-इंदापूरच्या शेतांना पाणी देणारा नीरा डावा कालवा ज्या नीरा खोऱ्यातून येतो, त्याच खोऱ्याच्या डोक्यावर ही राजगड-तोरण्याची रांग उभी आहे. या डोंगरांवर पडलेलं पाणी गुंजवणी आणि वेळवंडी या नद्यांतून नीरेला मिळतं.

राजगड म्हणजे शिवाजी महाराजांची सुमारे २५ वर्षांची राजधानी. बालेकिल्ला आणि त्याला तीन बाजूंनी फुटलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. सुवेळा माची पूर्वेकडे झेपावलेली, म्हणून सूर्योदय तिथला. संजीवनी माची पश्चिमेच्या अंगाला, तिकडे तोरणा. संजीवनीच्या बाजूने अळू दरवाजातून उतरलं की एक डोंगरधार थेट तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत जाते. मध्ये एका खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो, बाकी सगळी चाल धारेवरची. राजगड-तोरणा हा ट्रेक वर्षानुवर्षं लोक करत आलेत, तो याच धारेमुळे.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यात राजगड आहे. म्हणजे आधीच गर्दी असलेल्या गडाकडे आता जगाचं लक्ष गेलंय.

सूर्य सातला उगवतो, मग निघायचं कधी?

प्लॅनिंगची सुरुवात बहुतेक जण 'किती वाजता निघूया' इथून करतात. ते उलटं आहे. आधी सूर्याची वेळ बघायची आणि तिथून मागे मोजत यायचं.

पुणे जिल्ह्यात डिसेंबरच्या मध्यावर सूर्य साधारण सातच्या सुमाराला उगवतो. अनेकांना वाटतं की वर्षातला सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरला, म्हणजे सूर्योदयही तेव्हाच सगळ्यात उशिरा असणार. तसं नाही. आपल्याकडे सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या उत्तरार्धात असतो, सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. जूनच्या सुरुवातीला तोच सहाच्या सुमाराला येतो.

पण उजेड सूर्याच्या आधीच येतो. सूर्योदयाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी टॉर्चशिवाय पायाखालचं दिसायला लागतं. आकाशातले खरे रंगही याच वेळात असतात. त्यामुळे 'सूर्योदयाला पोहोचायचं' याचा अर्थ किमान अर्धा-पाऊण तास आधी जागेवर असणं.

आता मागे मोजू. सूर्योदय सातला. म्हणजे सव्वासहाला वर हवं. गुंजवणे गावातून चोर दरवाजाच्या वाटेने पद्मावती माचीवर जायला सवय नसलेल्या ग्रुपला अंधारात तीन तास सहज लागतात. म्हणजे चढाई सव्वातीनला सुरू. कन्हेरीहून मोरगाव, जेजुरी, सासवड, नारायणपूर, कापूरहोळ, नसरापूर असं करत गुंजवण्याला पोहोचायचं तर अंतर शंभर किलोमीटरच्या वर आणि शेवटचा टप्पा घाटवळणांचा. रात्रीचे तीन तास धरा. म्हणजे घर सोडायचं रात्री बाराला.

पुण्यातून निघणाऱ्यांचं अंतर निम्म्यावर येतं, तरी रात्री एक-दीडला निघावंच लागतं. थोडक्यात, सातच्या सूर्यासाठी अख्खी रात्र जाते. आणि इथेच पहिला धोका आहे, जो डोंगरावर नाही, गाडीत आहे.

सगळ्यात मोठी रिस्क: झोप

शनिवारी सकाळी सातला उठलेला माणूस रात्री बाराला गाडीची चावी फिरवतो, तेव्हा तो १७ तास जागा असतो. १९९७ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात असं दिसलं की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं मंदावतं. आपल्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हरसाठी मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. म्हणजे थेंबभरही न पिता आपण गाडी सुरू करतानाच त्या रेषेच्या पलीकडे गेलेलो असतो. फक्त ते मोजणारं यंत्र नाकाबंदीवर नसतं.

पुढे पहाटे तीन ते पाच ही शरीराची सगळ्यात सुस्त वेळ. नेमकं तेव्हाच आपण कातळावर पाय ठेवत असतो. आणि दुपारी परतताना ड्रायव्हर तीस तासांच्या आसपास जागा असतो, वर ऊन, थकवा आणि पोटभर पिठलं-भाकरी.

जपानमध्ये या प्रकाराला स्वतंत्र नाव आहे. माउंट फुजीवर सूर्योदय बघण्यासाठी रात्रीतून न झोपता चढणाऱ्यांच्या पद्धतीला तिथे 'बुलेट क्लाइंबिंग' म्हणतात, बंदुकीच्या गोळीसारखं सुटायचं आणि वर जाऊन आदळायचं. आपल्याकडे नाव नाही, पण प्रकार तोच.

अंधारात डोंगर बदलतो

दिवसा सोपी वाटणारी वाट रात्री का चुकते? सह्याद्रीत गावाजवळच्या डोंगरावर एक वाट कधीच नसते. गुरं चारायला नेण्याच्या ढोरवाटा असतात, लाकूडफाट्याच्या वाटा असतात, पाण्याकडे जाणाऱ्या असतात. दिवसा समोर गडाचा बुरूज दिसतो म्हणून आपण त्या दिशेने जातो. रात्री टॉर्चच्या गोलात फक्त पुढची दहा पावलं दिसतात आणि ढोरवाट कधीकधी खऱ्या वाटेपेक्षा जास्त रुळलेली असते. ती झाडीत जाऊन संपते. तोवर आपण अर्धा तास आलेलो असतो.

धारेवर अजून दोन गोष्टी वाढतात. पहिली, दोन्ही बाजूंना उतार असल्याने चुकीच्या पावलाला माफी कमी. घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या मुरमावरून, उतरताना रात्री पाय सरकला तर हात धरायला काही नसतं. दुसरी, वारा. उंची वाढते तसं दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. राजगड-तोरण्याची उंची समुद्रसपाटीपासून १४०० मीटरच्या आसपास. चढताना घामाने भिजलेला टी-शर्ट वर पोहोचून वाऱ्यात तासभर बसल्यावर बर्फासारखा गार होतो.

थंडी ही आपल्याकडे कुणी गांभीर्याने घेत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून हरिश्चंद्रगडावर गेलेल्या सहा जणांची पाऊस-धुक्यात वाट चुकली, त्यांना रात्री डोंगरातच थांबावं लागलं आणि त्यातल्या एकाचा थंडीने मृत्यू झाला. हिमालय नाही, नगर जिल्हा. बर्फ नाही, पाऊस आणि वारा. भिजलेलं शरीर, रात्र आणि उघडी जागा एकत्र आली की सह्याद्रीही जीव घेतो.

रील्समधल्या त्या ढगांच्या समुद्राचं गणितही इथेच आहे. पावसाळा संपल्यावर स्वच्छ रात्री थंड हवा जड होऊन दरीत साचते. तिथे धुकं तयार होतं आणि वरची धार मोकळी राहते. वरून बघणाऱ्याला समुद्र दिसतो. पण सूर्य वर आला आणि जमीन तापली की तेच धुकं हलायला लागतं, वर सरकतं आणि तासाभरासाठी धारेवर काहीच दिसेनासं होतं. म्हणजे ज्या धुक्यासाठी गेलो, त्याच धुक्यात उतरताना वाट चुकू शकते.

डोंगर कुणाचा? नियम कुणाचे?

आता कायद्याकडे येऊ. डोंगर 'सगळ्यांचा' असतो हे म्हणायला ठीक आहे. कागदावर त्याचे मालक आणि रखवालदार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे.

पहिला गट केंद्र संरक्षित किल्ल्यांचा. युनेस्कोच्या यादीतले लोहगड, शिवनेरी, रायगड, पन्हाळा हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. अशा स्मारकांसाठी १९५९ चे नियम आहेत. ज्या स्मारकाची वेगळी वेळ ठरवून दिलेली नाही आणि जिथे पूजाअर्चा चालत नाही, ते सूर्योदय ते सूर्यास्त खुलं, असं हा सर्वसाधारण नियम सांगतो. गंमत बघा. स्मारक उघडणार सूर्योदयाला आणि आपल्याला वर पोहोचायचंय सूर्योदयाच्या आधी. म्हणजे अशा ठिकाणी सनराइज ट्रेक ही कल्पनाच नियमाच्या बाहेर पडते.

दुसरा गट राज्य संरक्षित. राजगड, प्रतापगड, साल्हेर, खांदेरी हे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे येतात. राजगडावर पद्मावती माचीवर मुक्काम करायची ट्रेकर्सची जुनी सवय. पण रात्रीच्या मुक्कामावर निर्बंध आल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आल्या आहेत. त्यामुळे 'मागच्या वर्षी मित्र राहिला होता' हा पुरावा धरू नका. जायच्या आठवड्यात गावात फोन करून विचारा.

तिसरा गट वनखात्याचा. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड हे अभयारण्यात आहेत. भीमाशंकरचं जंगल अभयारण्य आहे, अंधारबनची वाट ताम्हिणी अभयारण्यातून जाते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात प्रवेश ही परवानगीची बाब आहे, हक्काची नाही. रात्र ही तिथल्या प्राण्यांची कामाची वेळ असते.

आणि चौथा येतो तो जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. पूर्वी ज्याला आपण कलम १४४ म्हणायचो, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालंय. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्यातल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर मनाई आदेश निघाले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळून चौघांचा जीव गेला आणि पुन्हा तोच विषय ऐरणीवर आला. असा आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

मग बंदी हाच उपाय का?

प्रशासनाच्या बाजूने विचार केला तर बंदी समजण्यासारखी आहे. रात्री दोन वाजता दरीत कुणी अडकलं तर उतरतं कोण? गावातली पोरं आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक. हे लोक आपापले कामधंदे सोडून, स्वतःचा जीव धोक्यात घालून येतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर १७ जण अडकले होते, तेव्हा त्यांना सुखरूप वर काढायला अशीच माणसं धावली होती. एका ग्रुपच्या हौसेची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजायची, हे बरोबर नाही.

पण सरसकट बंदीचे तीन तोटे आहेत.

एक, ती अपघातानंतर येते आणि सीझन संपला की विसरली जाते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

दोन, ती पायथ्याच्या गावाच्या पोटावर येते. गुंजवणे, पाली, वेल्हे या गावांत शनिवार-रविवारचा ट्रेकर म्हणजे जेवणाची ताटं, पार्किंग, मुक्काम, गडावर ताक-लिंबूसरबत विकणाऱ्यांची कमाई. दुर्घटना एका धबधब्यावर होते आणि धंदा बसतो पन्नास गावांचा.

तीन, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. बंदीमुळे लोक जायचे थांबत नाहीत, सांगायचे थांबतात. उघडपणे गावात गाडी लावून, नाव सांगून, वाटाड्या घेऊन जाणारा ग्रुप बंदीच्या काळात आडवाटेने, टॉर्च मंद करून, कुणालाही न सांगता चढतो. मग तो हरवला तर शोधायला कुठून सुरुवात करायची हेही कुणाला माहीत नसतं.

फुजीने काय केलं? आणि आपल्या शिरसुफळने?

हाच प्रश्न जगात इतरांनाही पडला. जपानने काय केलं ते बघा. जुलै २०२४ पासून फुजीच्या यामानाशी बाजूच्या योशिदा वाटेवर गेट बसवलं. दिवसाला जास्तीत जास्त ४ हजार लोक, माणशी २ हजार येन शुल्क आणि दुपारी चार ते पहाटे तीन गेट बंद. अपवाद एकच, डोंगरावरच्या निवाऱ्यात ज्यांचं बुकिंग आहे त्यांना सोडायचं. २०२५ मध्ये शुल्क ४ हजार येन झालं आणि गेट दुपारी दोनलाच बंद व्हायला लागलं. यात नीट बघा. त्यांनी सूर्योदयावर बंदी घातली नाही. न झोपता चढण्यावर घातली. वर झोपा, मग सूर्य बघा, असा तो नियम आहे.

अमेरिकेत हवाई बेटांवर हालेआकाला हा ज्वालामुखीचा डोंगर सूर्योदयासाठी प्रसिद्ध आहे. तिथे फेब्रुवारी २०१७ पासून पहाटे तीन ते सात या वेळेत गाडी न्यायची तर आधी ऑनलाइन बुकिंग लागतं. सातनंतर या बुकिंगची गरज नाही. म्हणजे गर्दी ज्या चार तासांत होते, फक्त त्यांचंच नियोजन.

हे आपल्याकडे चालणार नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी उदाहरण साताऱ्यात आहे. कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांना मर्यादा, ऑनलाइन बुकिंग आणि शुल्क, आणि व्यवस्थेत आसपासच्या गावांचा सहभाग, हे काही वर्षं सुरू आहे.

आणि कन्हेरीकरांना तर लांब जायची गरजच नाही. बारामती तालुक्यातलं शिरसुफळ आणि इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी इथे पुणे वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केलीय. ऑनलाइन बुकिंग, ठरलेल्या वेळा, ठरलेले रस्ते आणि सोबत गाइड म्हणून गावातलीच प्रशिक्षित मुलं. ज्या माळरानाला आपण पडीक रान म्हणायचो, तिथे लांडगा, खोकड, तरस, चिंकारा बघायला लोक पैसे भरून येतात आणि गावातल्या पोरांना काम मिळतं. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्यही याच पट्ट्यात.

मुद्दा असा की माळरानावरच्या सकाळसाठी जी व्यवस्था लागू होऊ शकते, ती राजगडाच्या पहाटेसाठी का नाही? मोजके स्लॉट, पायथ्याला नोंद, गावातला वाटाड्या सक्तीचा आणि मुक्काम गावात. यातून पुरातत्त्व खात्याला कोण वर आहे ते कळेल, गावाला उत्पन्न मिळेल आणि अपघात झाला तर शोध कुठून सुरू करायचा ते माहीत असेल. बंदीचा आदेश काढणं सोपं आहे, गेटवर माणूस बसवणं अवघड. पण जीव दुसऱ्याने वाचतात.

तोवर आपण काय करायचं?

व्यवस्था येईल तेव्हा येईल. पुढच्या थंडीत जाणाऱ्यांनी निदान एवढं करावं.

मुक्काम पायथ्याला करा. शनिवारी दुपारी निघा, संध्याकाळी गुंजवणे किंवा पालीत पोहोचा, जेवून नऊला झोपा. तीनला उठलात तरी सहा तास झोप झालेली असते. या एका बदलाने निम्मा धोका जातो. परतताना गाडी चालवणारा वेगळा ठेवा, किंवा गावातच दोन तास झोपून निघा.

सूर्योदय 'वरच' बघायचा हट्ट सोडा. पहिल्यांदा जाताय तर पाचनंतर निघा. चढाईचा बराचसा भाग उजेडात होतो आणि सूर्य वाटेत एखाद्या मोकळ्या सोंडेवरून दिसतो. तो तितकाच छान दिसतो. अंधारातला चढ, कातळटप्पा आणि वेळेचं दडपण या तिन्ही गोष्टी एकदम टळतात. जिथे प्रवेशच सूर्योदयापासून आहे तिथे तर हाच पर्याय.

दिशा ठरवा. धारेवर सकाळी पूर्वेकडे तोंड करून चाललात तर सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि पायाखालचं दिसत नाही. राजगडाकडून तोरण्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे चाललात तर ऊन पाठीवर राहतं. उलट, फक्त सूर्योदयच बघायचा असेल तर थंडीत तोरणाही चांगला. या दिवसांत सूर्य आग्नेयेकडे सरकलेला असतो आणि तोरण्यावरून तो राजगडाच्या बाजूने वर येतो. पण राजगड ते तोरणा ही पूर्ण चाल सात-आठ तासांची आहे, वाटेत पाणी आणि सावली कमी. रात्रभर जागून, सूर्योदय बघून, वर ही धार चालायची, असा प्लॅन पहिल्याच खेपेला करू नका.

कॅलेंडरवर तिथी बघा. पौर्णिमेलाच जायचं असं अनेकांना वाटतं. पण पौर्णिमेचा चंद्र पहाटे मावळतीला टेकलेला असतो आणि डोंगराची पूर्वेकडची बाजू अंधारातच राहते. पौर्णिमेनंतरच्या वद्य पक्षातल्या पहिल्या आठवड्यात चंद्र पहाटे डोक्यावरच्या बाजूला असतो. पहाटेच्या चढाईला तो जास्त उपयोगी. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच मावळतो, तो काही कामाचा नाही.

माणशी एक टॉर्च, तीही डोक्याला लावायची. मोबाइलचा टॉर्च धरला की एक हात अडकतो आणि बॅटरी संपली की नकाशा आणि फोन दोन्ही जातात. वाटेचा नकाशा ऑफलाइन घेऊन ठेवा. एक शिट्टी ठेवा. मिनिटाला सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, ही डोंगरातली मदत मागायची खूण आहे. रेंज असेल तर ११२.

कोरडा टी-शर्ट, वारा अडवणारं जॅकेट, माणशी तीन लिटर पाणी. बूट घोट्यापर्यंतचे. फुरसं आणि मण्यार रात्रीच बाहेर पडतात, सॅंडल घालून गवतातून चालू नका. कड्यांना आग्या मोहोळं असतात, त्यामुळे धूर आणि उग्र परफ्यूम टाळा.

मागे एक माणूस ठेवा. घरी असलेल्या एकाला लिहून द्या: कोण, कुठल्या गावातून, कुठल्या वाटेने आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.

पैसे भरून जात असाल तर विचारा. साहसी पर्यटनासाठी राज्याचं धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. नोंदणी आहे का, प्रथमोपचार येणारा लीडर आहे का, किती जणांमागे किती लीडर, विमा आहे का आणि ड्रायव्हर झोपलाय का, हे पाच प्रश्न विचारायला लाजू नका. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्यासोबत अंधारात जायचं का ते तुम्हीच ठरवा.

आणि मागे फिरायची वेळ आधीच ठरवा. 'पाचपर्यंत अमुक टप्पा आला नाही, धुकं उतरलं, कुणाला बरं वाटेनासं झालं, तर तिथेच थांबायचं', हे खाली, झोप पूर्ण झालेली असताना ठरवायचं. वर गेल्यावर 'आता एवढं आलोच आहोत' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी येतं, तेव्हा निर्णय घ्यायला उशीर झालेला असतो.

शेवटी मुद्दा काय?

पहाटे लवकर चालायला लागणं यात वेडेपणा काही नाही. उलट सह्याद्रीत ते शहाणपणाचंच आहे. ऊन चढायच्या आत धार चालून व्हावी, एप्रिल-मेच्या दुपारचा वळीव आणि विजा गाठायच्या आत खाली उतरावं, म्हणून गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पहाटेच डोंगर चढत आली. फरक एवढाच की ती माणसं रात्री झोपलेली असतात, वाट त्यांच्या पायाखालची असते आणि वर जाऊन त्यांना कुणाला काही दाखवायचं नसतं.

आपल्याला यातल्या पहिल्या गोष्टीची काळजी शनिवारी रात्री घेता येते. दुसरीसाठी गावातला वाटाड्या आहे. तिसरीचं ज्याचं त्याने बघावं. पुढच्या वेळी 'या रविवारी?' असा टॅग आला, तर उत्तर देण्याआधी एकच उलटा प्रश्न विचारा: 'शनिवारी रात्री झोपायचं कुठे?' याचं उत्तर ग्रुपमध्ये कुणाकडेच नसेल, तर प्लॅन अजून झालेला नाही असं समजा.